थांबू शकतं ते थांबू दे

लॅपटॉप घ्यायचा विचार बोलून दाखवला, की दुकानदार सोडून बाकी सगळे एकच सल्ला देतात : थांब. जानेवारीत नवीन ग्राफिक्स कार्ड येतंय, थांब. दिवाळीत सेल लागेल, थांब. नवीन आलं की जुन्याचा भाव उतरेल, थांब. असं सांगणारे काही मूर्ख नसतात. त्यांचं म्हणणं बहुतेक वेळा खरंही ठरतं. पण हा सल्ला आज जितका खरा असतो, तितकाच पुढच्या वर्षीही खरा असतो, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. जो सल्ला कायमच खरा असतो, त्यावरून आज काय करायचं हे कसं ठरवणार?

मला हा प्रश्न सध्या पडलाय आणि तो आता फक्त खरेदीचा राहिलेला नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

मी हर्णेची. दापोली तालुक्यातलं हे बंदर बऱ्याच जणांना माशांच्या लिलावामुळे माहीत असतं, नाहीतर समोर समुद्रात उभ्या असलेल्या सुवर्णदुर्गामुळे. मुरूड-कर्दे भागातल्या होमस्टेंचे छोटे व्हिडिओ एडिट करून मी थोडे पैसे मिळवते. ते काम माझ्या आठ वर्षं जुन्या लॅपटॉपवर कसंबसं निभतं. पण मला करायचंय ते वेगळंच. आमच्या वाडीतल्या एका काकांची लाकडी नौका आहे. या मोसमानंतर ती मोडायची आणि फायबरची घ्यायची असं त्यांनी ठरवलंय. लाकूड महाग झालंय, लाकडी नौकेची दरवर्षीची डागडुजी परवडत नाही, आणि ते काम जाणणारे सुतारही कमी होत चाललेत. काकांचा निर्णय शहाणपणाचा आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला फक्त ती नौका मोडण्याआधी तिचं पूर्ण थ्रीडी मॉडेल करून ठेवायचंय. आतल्या वाकांसकट, जोडांसकट, सुकाणू कसं बसवलंय त्यासकट.

यासाठी फोटोग्रामेट्री नावाची पद्धत वापरतात. एखाद्या वस्तूचे सगळ्या बाजूंनी, एकमेकांवर थोडे चढतील असे शेकडो फोटो काढायचे. सॉफ्टवेअर त्या फोटोंमधले समान ठिपके जुळवतं आणि वस्तूचा आकार उभा करतं. मेशरूम नावाचं सॉफ्टवेअर हे काम फुकट करतं, पण त्यातली मुख्य पायरी एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाशिवाय चालत नाही. पुढे ब्लेंडरमध्ये ते मॉडेल साफ करायला, त्यावर प्रकाश टाकून चित्रं काढायलाही ग्राफिक्सची ताकद लागते. माझ्या लॅपटॉपमध्ये असं कार्डच नाही. म्हणजे लॅपटॉप हवाय ही हौस नाही, गरज आहे. प्रश्न फक्त कधी आणि कुठला, एवढाच.

हिशोब काय सांगतो

आधी थांबण्याची बाजू नीट मांडते, कारण ती कच्ची नाही.

१९६५ साली गॉर्डन मूर यांनी एक निरीक्षण मांडलं. एका चिपवर बसणाऱ्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होतेय, असं ते होतं. १९७५ मध्ये त्यांनी ते सुधारून दर दोन वर्षांनी दुप्पट असं केलं. निसर्गनियमाशी त्याचा काही संबंध नव्हता, तो एक अंदाज होता. पण पुढची कित्येक दशकं अख्ख्या उद्योगाने त्याकडे वेळापत्रकासारखं पाहिलं. आपल्या डोक्यात 'पुढचं मशीन चांगलंच असणार' हे जे घट्ट बसलंय, ते तिथून आलंय.

१९९९ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या काही खगोल-अभ्यासकांनी यावर एक अर्धवट गमतीचा, पण गणिताने बरोबर असा लेख लिहिला. त्यांचा प्रश्न असा : एखादी प्रचंड मोठी आकडेमोड आज सुरू करावी, की थोडा आळस करून, नवीन कॉम्प्युटर आल्यावर सुरू करावी? संगणकाचा वेग दर १८ महिन्यांनी दुप्पट होतो असं धरलं, तर उत्तर निघतं २६ महिने. तुमचं काम आजच्या मशीनवर २६ महिन्यांपेक्षा जास्त चालणार असेल, तर थांबा. उशिरा सुरू करूनही तुम्ही लवकर संपवाल. त्याहून कमी चालणार असेल, तर आजच सुरू करा.

यातली मजा बघा. थांबणं फायद्याचं कधी ठरतं याला एक ठरावीक सीमा आहे, आणि वेगवाढ जितकी मंद, तितकी ती सीमा लांब जाते. दुप्पट व्हायला १८ महिन्यांऐवजी दोन वर्षं लागत असतील, तर २६ चे जवळजवळ ३५ महिने होतात. म्हणजे प्रगती मंदावली, की 'आत्ताच सुरू कर'चं पारडं जड होतं. आणि माझं काम? नौकेच्या मॉडेलची आकडेमोड साधारण ग्राफिक्स कार्डावर काही तासांची, फार तर काही दिवसांची. या गणितानुसार मी थांबण्याच्या सीमेच्या आसपासही नाही.

आता ग्राफिक्स कार्डांचं बघू. एनव्हिडियाची लॅपटॉपसाठीची ३० मालिका जानेवारी २०२१ मध्ये आली, ४० मालिका जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाली, ५० मालिका जानेवारी २०२५ मध्ये. दर दोन वर्षांनी एक पिढी. प्रत्येक पिढी आधीपेक्षा वेगवान होती, यात शंका नाही. पण ३०७०, ४०७० आणि ५०७० या तिन्ही कार्डांच्या लॅपटॉप आवृत्त्या बाजारात आल्या तेव्हा त्यांच्यात व्हिडिओ मेमरी किती होती? तिन्हींत ८ जीबी. मोठं मॉडेल मेमरीत मावलं नाही तर वेगाचा उपयोग मर्यादित होतो. चार वर्षं थांबलेल्या माणसाला या एका बाबतीत काहीच जास्त मिळालं नाही. शिवाय लॅपटॉपमध्ये कार्डाचं नाव तेच असलं तरी त्याला किती वीज द्यायची हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. ४०६० चं उदाहरण घ्या. एनव्हिडियाने ठरवून दिलेली मर्यादाच ३५ ते ११५ वॉट अशी पसरट आहे. म्हणून नवीन पिढीचं कमी वीज मिळणारं कार्ड जुन्या पिढीच्या भरपूर वीज मिळणाऱ्या कार्डापुढे फिकं पडू शकतं. 'पुढचं चांगलं' हे सरासरीत खरं असतं. आपल्या हातात येणाऱ्या एका मशीनबद्दल ते खरं असेलच असं नाही.

आणि भाव? 'थांबलं की स्वस्त होतं' हासुद्धा नियम नाही. २०२० आणि २०२१ मध्ये चिपांचा तुटवडा आणि क्रिप्टोचं खूळ यामुळे ग्राफिक्स कार्डं छापील किमतीला मिळतच नव्हती. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपांची मागणी इतकी वाढवली, की रॅमचे भाव चढले. तेव्हा थांबणाऱ्याला तीच वस्तू महाग पडली.

एवढ्या हिशोबानंतर खरं तर प्रश्न मिटायला हवा. तरी तो मिटत नाही. कारण थांबण्याची ओढ हिशोबातून आलेली नसतेच.

थांबण्यातलं सुख

लॅपटॉप हातात नाही तोवर माझं मॉडेल उत्तम आहे. डोक्यात ते मी कितीदा तरी पाहिलंय : नौका हळूहळू फिरतेय, फळ्यांवरचा शिंपल्यांचा खरखरीत थर दिसतोय, नाळेवर प्रकाश पडलाय. प्रत्यक्ष मशीन समोर आलं, की पहिलं मॉडेल ओबडधोबड निघणार. फळ्यांच्या जागी वितळलेल्या मेणासारखं काहीतरी दिसणार. तेव्हा दोष देण्याजोगी एकच गोष्ट उरेल, माझं कौशल्य.

चांगल्या साधनाची वाट बघताना आपण फक्त साधनाची वाट बघत नसतो, आपली परीक्षाही पुढे ढकलत असतो. ज्याला लिहायचंय तो चांगल्या कीबोर्डसाठी थांबतो, ज्याला गायचंय तो माइकसाठी, ज्याला पळायचंय तो शूजसाठी. वाट बघत असताना आपण आळशीही नसतो. आपण अभ्यास करत असतो, रिव्ह्यू बघत असतो, आकडे पाठ करत असतो. कामाचा सगळा थकवा येतो, फक्त काम होत नाही.

यावर एक ठरलेलं उत्तर तयार असतं : साधनं महत्त्वाची नसतात, खरा कलाकार कशावरही काम करतो. हे वाक्य मला मान्य नाही. ते बहुतेक वेळा ज्यांच्याकडे साधनं आहेत त्यांच्या तोंडून येतं. एक चित्र रेंडर व्हायला दोन मिनिटं लागत असतील तर दिवसात पन्नास वेळा चुकता येतं. दोन तास लागत असतील तर चार-पाच वेळाच. आणि माणूस शिकतो तो चुकूनच. म्हणजे मंद मशीन फक्त वेळ खात नाही, शिकण्याच्या संधीही खातं. मुंबई-पुण्यातल्या मुलीला कॉलेजच्या लॅबमध्ये जे सहज मिळतं, ते हर्णेतल्या मुलीने जिद्दीने भरून काढावं, अशी अपेक्षा करणं हा अन्याय आहे, त्याला कितीही प्रेरणादायी म्हटलं तरी.

मग 'थांबू नकोस, आहे त्यात कर' हा सल्लाही 'थांब' इतकाच अर्धा. दोन्ही सल्ले थांबण्याला एकच गोष्ट समजतात. माझ्या मते थांबणं एका प्रकारचं नसतं.

बंदी आणि वाट

आमच्या गावात दरवर्षी सगळे थांबतात. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, आणि बऱ्याच माशांचा हा प्रजननाचा काळ असतो. मेच्या अखेरीला नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि शाकारून ठेवल्या जातात. त्यानंतर जाळी विणणं, फाटलेली सांधणं, इंजिन खोलणं, रंग काढणं. मग नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ.

हे थांबणं आणि ग्राफिक्स कार्डासाठी थांबणं यात मला तीन फरक दिसतात.

पहिला, बंदीला तारीख आहे. ती उठणार हे सगळ्यांना माहीत असतं. 'पुढच्या चांगल्या' लॅपटॉपला तारीख नसते. तो आला की त्याच दिवशी तो 'सध्याचा' होतो आणि त्याचाही 'पुढचा' कुठेतरी तयार होत असतो. ज्या प्रतीक्षेचा शेवट प्रतीक्षेनेच पुढे सरकतो, तिला वाट बघणं म्हणता येत नाही. ती सवय असते.

दुसरा, बंदीच्या काळात काहीतरी घडत असतं. समुद्रात मासे वाढत असतात, किनाऱ्यावर जाळी दुरुस्त होत असतात. थांबणाऱ्याच्या हातून काम सुटलेलं नसतं, फक्त बदललेलं असतं. माझ्या थांबण्यात काय घडतं? कुठल्यातरी कारखान्यात काहीतरी घडत असेल, पण माझ्यात आणि नौकेत? माझ्यात रिव्ह्यूंची भर पडते. नौका आणखी एका महिन्याने मोडीच्या जवळ जाते.

तिसरा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो : थांबण्याची किंमत कोण भरतो? बंदीत दर्यावर्दी स्वतःची दोन महिन्यांची कमाई सोडतो. त्याचा फायदा त्यालाच नाही, सगळ्या किनाऱ्याला मिळतो. म्हणून त्या थांबण्याला नैतिक वजन आहे. मी थांबले तर फायदा माझा, थोडं वेगवान मशीन. किंमत मात्र नौका भरणार, जी एकदा मोडली की परत येत नाही. आणि पुढे कधीतरी लाकडी नौका कशी असायची असं विचारणारं एखादं मूल भरणार. दुसऱ्याच्या खिशातून थांबायचं असेल तर त्याला धीर म्हणू नये.

थांबवलं जाणं हा आणखी वेगळा प्रकार आहे. हर्णेच्या शेजारचं मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं गाव. लहान वयात ते परीक्षा द्यायला मुरूडहून साताऱ्यापर्यंत डोंगर-घाट तुडवत पायी गेले, आणि तिथे वयाने लहान दिसतोस म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. पुढे ती परीक्षा त्यांनी दिलीच, पण तेव्हा थांबणं त्यांच्यावर लादलेलं होतं. पैसे नसल्यामुळे लॅपटॉप घेता न येणारी कितीतरी मुलं अशीच थांबवली गेलेली असतात. त्यांच्याशी धीराच्या गुणावर बोलणं म्हणजे निव्वळ उद्धटपणा. या लेखातला प्रश्न पडायला खिशात थोडेतरी पैसे असावे लागतात, हे मला ठाऊक आहे. मी दीड वर्षं साठवलेत म्हणूनच मला तो पडू शकतो.

दुसरी बाजू

आता माझ्याच म्हणण्याला अडवणारी एक गोष्ट. न घेण्यालाही नैतिक बाजू आहे. प्रत्येक लॅपटॉपमागे खाणीतून काढलेले धातू असतात, कारखान्यात लागलेलं पाणी आणि वीज असते. शेवटी कचरा असतो, आणि आपल्या देशात त्यातला बराचसा दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांमध्ये हातांनी तोडला जातो. दर पिढीला मशीन बदलणाऱ्याने थांबावं हे मला पूर्ण पटतं. माझी आई जुन्या मिक्सरचं भांडं तिसऱ्यांदा दुरुस्त करून आणते, तेव्हा ती कुठलंही तत्त्वज्ञान न बोलता हेच करत असते.

हर्णेत याला आणखी एक पदर आहे. इथला वारा खारा. पत्र्याला, खिळ्याला, सायकलच्या साखळीला तो सोडत नाही, लॅपटॉपच्या पोर्टनाही सोडत नाही. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं तेव्हा दापोली तालुक्यातल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. एरवीही पावसाळ्यात ती जात-येत असते, आणि नुसत्या बॅटरीवर ग्राफिक्स कार्ड पूर्ण ताकदीने चालत नाही. अशा ठिकाणी सगळ्यात महाग मशीन घेऊन ते दहा वर्षं टिकेल असं मानणं भाबडेपणाचं. आणि गरज नसताना आधीच घेऊन ठेवणं म्हणजे त्याचं आयुष्य खाऱ्या हवेला फुकट देणं.

तेव्हा न थांबणं म्हणजे लगेच दुकानात धावणं, असं मी म्हणत नाही. काम समोर आलं नसताना साधन घेणंही चूक, आणि साधन आलं नाही म्हणून काम अडवून धरणंही चूक. दोन्हींत आपण साधनाला कामाच्या पुढे बसवतो.

लांबचा प्रवास

हा पेच फक्त लॅपटॉपचा नाही. २००६ मध्ये अँड्र्यू केनेडी यांनी ताऱ्यांपर्यंतच्या प्रवासावर एक लेख लिहिला. आजच्या वेगाने सहा प्रकाशवर्षांवरच्या बर्नार्डच्या ताऱ्याकडे निघालो, तर वाटेतच नंतर निघालेलं वेगवान यान आपल्याला मागे टाकेल. मग आज निघावं कशाला? पण प्रत्येक पिढीने असाच विचार केला तर कोणीच निघणार नाही. ए. ई. व्हॅन व्होग्ट यांच्या १९४४ च्या एका विज्ञानकथेत हेच घडतं. शेकडो वर्षं प्रवास करून माणसं पोचतात, तर तिथे नंतर निघालेली माणसं आधीच वस्ती करून बसलेली. केनेडी यांनी हिशोबाने दाखवलं, की निघण्याची एक योग्य वेळ असते. त्याआधी निघालात तर मागून येणारे गाठतील, त्यानंतर निघालात तर उगाच उशीर केलात.

या सगळ्या गणितांत एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली असते. पोचायचं ठिकाण तिथेच आहे, तारा कुठे जात नाही. आकडेमोडीचं उत्तर आज काढा नाहीतर तीन वर्षांनी, ते तेच राहणार. थांबण्याचा हिशोब लागू पडतो तो अशा न हलणाऱ्या गोष्टींना. नौका मात्र हलणारी गोष्ट आहे. तिला मोडायची तारीख आहे.

हर्णेचा लिलाव पाहिलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. मासळी उतरली की बोली लागते. पापलेट उद्या जास्त भावाने जाईल म्हणून कोणी ते वाळूवर ठेवून घरी जात नाही. इथे सगळ्या सोयींची जेट्टी व्हावी ही मागणी जुनी आहे आणि रास्तही आहे. पण जेट्टी व्हायची होती म्हणून लिलाव कधी थांबला नाही. तो वाळूवरच होत राहिला. जेट्टीची मागणीही चालू, लिलावही चालू. यात मला तडजोड दिसत नाही. काय थांबू शकतं आणि काय नाही, याची ती अचूक वाटणी आहे.

वाटणी

हे उमजलं तेव्हा माझा प्रश्नच बदलला. 'थांबावं का?' असं विचारण्यात अर्थ नव्हता. 'या कामातलं काय थांबू शकतं?' असं विचारायला हवं होतं.

नौकेच्या कामाचे मी दोन भाग केले. एक भाग नाशवंत : फोटो, मापं, आणि काकांच्या तोंडची माहिती. कुठली फळी कधी बदलली, हा वाक असा का वळवलाय, ही भेग बुजवायला काय वापरलं. दुसरा भाग टिकाऊ : त्या फोटोंपासून मॉडेल बनवणं. पहिल्या भागाला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. त्याला माझा फोन, एक मापाची टेप आणि ढगाळ दिवस लागतो, कारण कडक उन्हाच्या सावल्या सॉफ्टवेअरला फसवतात. दुसऱ्या भागाला कार्ड लागतं, पण तो भाग घाईत नाही. फोटो नीट काढून दोन ठिकाणी जपून ठेवले, तर ते सहा महिन्यांनीही तेच फोटो असतील. उलट तोवर सॉफ्टवेअर थोडं सुधारलेलंच असेल. तिथे थांबणं खरोखर फायद्याचं आहे.

काकांना मी हे सांगायला गेले तेव्हा ते आधी हसले. म्हणाले, "मोडायच्या होडीचे फोटो? नवीन येईल तिचे काढ की." मग मी वाकांबद्दल विचारायला लागले तसे ते बोलत गेले. एका जागी हात ठेवून म्हणाले, "हे लाकूड माझ्या बापाने निवडलेलं." ते वाक्य कुठल्याही मॉडेलमध्ये दिसणार नाही. ते फोनवर रेकॉर्ड झालं, एवढंच. पण पुढच्या जानेवारीची वाट बघितली असती तर ते विचारायला जागाच उरली नसती.

२०२४ चा 'फ्लो' नावाचा लातवियन अ‍ॅनिमेशनपट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. मार्च २०२५ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. गिंट्स झिल्बालोडिस आणि त्याच्या छोट्या टीमने तो ब्लेंडरमध्ये, म्हणजे मला आणि तुम्हाला फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये केला. शेवटचं रेंडर त्याने मोठ्या रेंडर-फार्मवर नाही, स्वतःच्या कॉम्प्युटरवर केलं. लोक यातून 'साधनं महत्त्वाची नाहीत' असा अर्थ काढतात. मला वेगळं दिसतं. त्या कामाला साडेपाच वर्षं लागली. तेवढ्या काळात ग्राफिक्स कार्डांच्या पिढ्या बदलल्या, ब्लेंडर सुधारत गेलं. काम चालू होतं म्हणून प्रत्येक सुधारणा त्या कामाला लागू पडली. जो काहीच करत नाही, त्याला नवीन कार्डाचा कसलाच उपयोग नसतो. प्रगतीचा फायदा घ्यायचा तर आधी स्वतः काहीतरी करत असावं लागतं.

लॅपटॉपचं मी असं ठरवलंय : सगळे फोटो आणि मापं १ जूनच्या आत, नौका शाकारली जाण्याआधी. पैसे पूर्ण साठतील गणपतीच्या सुमारास. त्या आठवड्यात ८ जीबी मेमरीचं, बऱ्यापैकी वीज मिळणारं, दापोलीत किंवा फार तर चिपळुणात दुरुस्त होऊ शकेल असं जे मशीन माझ्या पैशांत बसेल, ते घ्यायचं. नवीन पिढी आलेली असो वा नसो. पुढच्या महिन्यात काही जाहीर होणार असेल तर होऊ दे. तारीख माझ्या कामाने आणि माझ्या खिशाने ठरवली आहे, कोणाच्या स्टेजवरच्या घोषणेने नाही. आणि घेतल्यावर निदान पाच वर्षं बदलायचं नाही. कचऱ्याचं जे वर लिहिलंय, त्याचा मान मला तिथे राखता येईल.

हे सूत्र सगळीकडे चालेल असा दावा नाही. कोणाचं काम पूर्णच टिकाऊ असेल, म्हणजे गेम खेळायचा असेल, तर त्याने खुशाल थांबावं. गेम कुठे पळून जात नाही, आणि दोन वर्षांनी स्वस्तही मिळतो. कोणाचं काम पूर्णच नाशवंत असेल, परीक्षा तोंडावर असेल, आजी नव्वदीची असेल, तर त्याने आज हातात आहे ते घेऊन बसावं. बहुतेक कामं मात्र या दोन्हींच्या मधली असतात, आणि ती मधोमध चिरता येतात. नाशवंत बाजू आज, टिकाऊ बाजू सवडीने. आपण ती चिरत नाही आणि अख्खं काम एका जाहिरातीच्या तारखेला बांधून ठेवतो.

आत्तापर्यंत ३४० फोटो झालेत. नौकेच्या खालची बाजू राहिलीय, कारण तिथे भरतीचं पाणी असतं. उद्या ओहोटी सकाळी आहे आणि आभाळ भरलेलं असेल असं काका म्हणतात.